सांगलीची सायकल, साताऱ्याचा घाट

माझी धाकटी बहीण साताऱ्यात शाळेत शिकवते आणि सुट्टी असली की सायकल काढून कासच्या रस्त्याला लागते. मामा सांगलीचे. किर्लोस्करवाडीला पंपाच्या कारखान्यात फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. बहिणीची नवी सायकल मामांच्या ओळखीच्या सांगलीतल्या दुकानातून घेतली आणि थोड्याच दिवसांत तिला शंका आली, की हिची फ्रेम सरळ नाही. त्यावरून दोघांची जी जुंपली ती मी इथे उतरवतो आहे. चाळीस-पन्नास हजारांच्या सायकली आता तालुक्याच्या गावांतही विकल्या जातात. त्यातली एखादी वाकडी निघाली तर काय करायचं, हे ना विकणाऱ्याला नीट ठाऊक असतं, ना घेणाऱ्याला. म्हणून हे बोलणं आमच्या घरातच राहू नये असं वाटलं.

ती: मामा, सायकल डावीकडे ओढते. यवतेश्वरचा घाट उतरताना उजवं वळण घ्यायला मला जोर लावावा लागतो, डावं वळण मात्र आपोआप घेतलं जातं. मागचं टायर डाव्या नळीला जवळजवळ टेकलंय आणि उजवीकडे बोट जाईल एवढी फट आहे. फ्रेमच वाकडी आहे. मला बदलून हवी.

मामा: अगं, थांब जरा. आपला रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता केलेला असतो, पावसाचं पाणी जावं म्हणून. तू डाव्या कडेनं चालवणार. हात सैल सोडले की चांगली सायकलसुद्धा डावीकडंच जाणार. त्याला फ्रेम काय करणार?

ती: तेवढं बघितलंय मी. शाळेच्या मैदानावर जाताना चालवली, त्याच रेषेवर येताना चालवली. दोन्ही वेळा डावीकडेच.

मामा: हेडच्या गोळ्या फार आवळल्यात का? हँडल मधल्या जागी अडतं तेव्हा सायकल एका अंगाला जाते. टायर रिमवर सगळीकडं सारखं बसलंय? पुढचा चिमटा सरळ आहे? सीट तिरकी नाही ना?

ती: तुम्ही तर माझीच उलटतपासणी घेताय.

मामा: घेणारच. फ्रेम हा शेवटचा आरोपी. आधी बाकीच्यांना सोडवून आण, मग त्याच्यावर बोट ठेव.

इथे मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे. फ्रेम वाकडी असल्याच्या तक्रारींत फ्रेमचा दोष खरोखर किती वेळा निघतो, हे कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारावं. मागचा गिअर ज्या छोट्या तुकड्याला धरून असतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात. सायकल उजव्या अंगावर पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी, हा त्यामागचा हेतू. खोक्यात बंद होऊन ट्रकमधून येणाऱ्या सायकलीचा हँगर प्रवासातच वाकतो, गिअर उड्या मारू लागतात आणि घेणारा म्हणतो, फ्रेम गेली. चाकाचंही तसंच. रिम हबच्या बरोबर मधोमध विणलेली नसली तर टायर एका नळीला चिकटतं आणि नाव फ्रेमचं होतं.

हे दोन गुन्हेगार वेगळे कसे ओळखायचे, याची रीत मामांनी तिला फोनवर सांगितली होती आणि ती मला फार आवडली. मागचं चाक काढायचं, डावी बाजू उजवीकडे करून उलटं बसवायचं आणि फट कुठे जाते ते बघायचं. जवळची बाजू बदलून उजवीकडे गेली तर दोष चाकात. चाक उलटं घालूनही टायर डाव्याच नळीला जवळ राहिलं तर चाक निर्दोष, मग फ्रेमकडे वळायचं. तिच्या सायकलीला डिस्क ब्रेक. त्यामुळे आधी कॅलिपरचे दोन बोल्ट सोडून तो रबराने नळीला बांधून ठेवावा लागला, चेन बाजूला करावी लागली. टायर डावीकडेच राहिलं.

ती: आता तरी पटलं?

मामा: निम्मं पटलं. सायकल घेऊन सांगलीला ये. डोळ्यानं बघितल्याशिवाय मी कुणाला वाकडा म्हणत नाही.

सांगलीत ओसरीवर मामांनी सायकलीची दोन्ही चाकं काढली, फ्रेम दोन पाटांवर टेकवली आणि गवंडी वापरतात तसली लाइनदोरी घेतली. मागच्या एक्सलच्या डाव्या खाचेला एक टोक बांधलं, दोरी पुढे नेऊन हँडलखालच्या उभ्या नळीला वळसा दिला आणि परत आणून उजव्या खाचेला ताणून बांधली. सीटच्या नळीच्या दोन्ही अंगांना आता दोरी ताठ उभी. दोरी आणि नळी यांच्यातली फट त्यांनी आधी डावीकडे मोजली, मग उजवीकडे, मग बहिणीच्या हातात व्हर्नियर देऊन तिला मोजायला लावली. तिच्या हातूनही तेच आलं. डावी फट सहा मिलिमीटरने जास्त. दोरीत फरक थोडा वाढून दिसतो. दोरीच्या वळशापासून सीटची नळी किती लांब आणि खाचा किती लांब हा हिशेब केला, तर मागच्या खाचा मधल्या रेषेपासून साधारण पाच मिलिमीटर डावीकडे सरकलेल्या. एकदोन मिलिमीटर कुणी मनावर घेत नाही. पाच म्हणजे दीड सूत. फिटरच्या डोळ्याला एवढं खुपतं.

यातली एक अडचण सांगितली पाहिजे, कारण दोरी बांधून बघणारा इथेच फसू शकतो. काही कंपन्या मागचा त्रिकोण मुद्दाम एका बाजूला, उजवीकडे, सरकवून बनवतात आणि चाकही त्या हिशेबाने विणतात. अशी फ्रेम दोरीच्या कसोटीत वाकडी दिसणारच. बहिणीने आपल्या मॉडेलचं माहितीपत्रक आधीच तपासलं होतं. तिची फ्रेम तशी नव्हती, आणि इथे तर खाचा डावीकडे गेल्या होत्या.

मामा: निघाली खरी. पण एक सांगू का? पाच मिलिमीटरवर आमच्या सांगलीत माणूस जन्मभर दूध घालतो. दोन्ही बाजूंना कॅन, मागं पेंडीचं पोतं. त्याची फ्रेम तू मोजलीस तर दोरी लाजंल.

ती: तुमच्या सांगलीत विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत घाट कुठे आहे? आयर्विन पुलाचा चढ हाच काय तो चढ. मी कासहून पंचवीस किलोमीटर येते, त्यातला शेवटचा तुकडा सगळा यवतेश्वरचा उतार. एका बाजूला कडा, समोरून पर्यटकांच्या गाड्या. चाळीस-पंचेचाळीसचा वेग सहज होतो. तिथे डावं आणि उजवं वळण वेगळं लागलं तर मी रस्त्याकडे बघू की सायकलीकडे?

मामा: मग उतारावर ब्रेक धरून ये.

ती: ब्रेक धरूनच येते मामा. पैसे पूर्ण दिले ते अर्ध्या भरवशाच्या सायकलीसाठी नव्हे.

मामा: बरोबर आहे. पण वाकडं ते सरळ करता येतं, हे तुझ्या पिढीला ठाऊकच नाही. जरा काही झालं की बदलून द्या.

मामांच्या या वाक्यात रागापेक्षा दुःख जास्त आहे आणि ते खरं आहे. काळ्या उभ्या सायकलींच्या फ्रेमा पोलादी नळ्यांच्या, पितळेने जोडलेल्या. बैलगाडीला धडकलेली, फाटकात चिरडलेली अशी फ्रेम मिस्त्रीकडे यायची. तो मागच्या दोन नळ्यांच्या मधे लाकडी वासा घालायचा, गुडघा टेकवून हळूहळू दाब द्यायचा, दोरी लावायचा, पुन्हा दाब द्यायचा. पोलाद थोडं वाकवलं की परत उसळतं. किती उसळेल हे हाताला कळावं लागतं, म्हणून थोडं पुढे नेऊन सोडायचं. मामांनी स्वतः अशा फ्रेमा सरळ केल्या आहेत. भाड्याच्या सायकलींची दुकानं होती तोवर या हातांना रोज काम होतं. ती दुकानं मिटली तशी ही विद्याही गेली, आणि आता सांगली-साताऱ्यात असा हात शोधायला निघालं तर फार हिंडावं लागेल.

ती: मग करा की हिला सरळ. वासा आहे, तुम्ही आहात.

मामा: हिला हात लावणार नाही.

ती: का?

मामा: ॲल्युमिनियम आहे. पोलाद वाकवून घेतं, हे रुसतं. वेल्डिंग झाल्यावर भट्टीत घालून कडक केलेलं असतं. थंडपणी वाकवलं की वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडते, रंगाखाली दिसतसुद्धा नाही. मग ती घाटात उघडते.

यावर माझ्याकडून थोडी भर. पोलादाला एका मर्यादेखालचे धक्के कितीही बसले तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते, प्रत्येक लहान धक्का जमा होत जातो. म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेमा जाड नळ्यांच्या, ताठ बनवतात. हँगरचा छोटा तुकडा जपून सरळ करता येतो. मागचा अख्खा त्रिकोण पाच मिलिमीटर खेचणं ही वेगळी गोष्ट आहे. कार्बनच्या फ्रेमला तर वाकवून सरळ करणं हा प्रकारच नाही. तेव्हा ‘बदलून द्या’ ही मागणी नव्या पिढीच्या उतावळेपणातून आलेली नाही, ती धातूतून आलेली आहे. मामांनी हे एका वाक्यात कबूल केलं, पण दुसरा रस्ता सोडला नाही.

मामा: दुकानदाराशी बोललो मी. तो म्हणतो, चाकाचे स्पोक उजवीकडं ताणून रिम मधे आणून देतो. टायर मधोमध येईल, तुझंही काम होईल, त्याचंही.

ती: टायर मधे येईल. हब कुठे येईल?

मामा: हब आहे तिथंच.

ती: म्हणजे गिअरची चक्रं पाच मिलिमीटर डावीकडेच राहणार आणि पुढच्या दात्यांशी चेन कायम तिरकी चालणार. शिवाय मागच्या चाकाचे उजवे स्पोक आधीच जास्त उभे आणि जास्त ताणलेले, कारण त्या बाजूला गिअरला जागा द्यायची असते. रिम आणखी उजवीकडे नेली तर ते आणखी उभे होणार, डावे सैल पडणार. तुम्हीच शिकवलंय हे मला.

मामा बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी पंपाचं उदाहरण काढलं. पंप आणि मोटर एका रेषेत नसली आणि कुणी कपलिंगचं रबर बदलून वेळ मारून नेली, तर आधी रबर जातं, मग बेअरिंग जातं, मग शाफ्ट. वाडीत असा जॉब समोर आला की डायल लावून आधी रेष जुळवायची, रबराला नंतर हात घालायचा.

मामा: स्पोक ताणणं म्हणजे रबर बदलणंच झालं. नको ते.

म्हणजे फ्रेम बदलायची, इथवर दोघं आले. मला वाटलं होतं वाद इथे संपेल. खरा वाद इथून पुढे सुरू झाला, आणि तो सायकलीपेक्षा आपल्या गावांबद्दल जास्त होता.

ती: मी पत्र लिहिते. फ्रेमचा नंबर, बिलाची तारीख, दोरीची मापं, फोटो. पंधरा दिवसांत बदलून द्या, नाहीतर ग्राहक आयोगाकडे जाईन.

मामा: त्या पोराच्या वडिलांकडनं मी भाड्यानं सायकल घेत होतो. पैसे नसले तर लिहून ठेवायचा माणूस. त्याच्या पोराला तू नोटीस देणार? मी सांगतो त्याला. शब्दाला जागंल तो.

ती: जागले तर उत्तमच. पण त्यांच्या हातात काय आहे? फ्रेम त्यांनी बनवलेली नाही.

मामा: तेच म्हणतोय. त्याला का ताणतेस?

ती: कायद्याने विकणाराही बांधलेला आहे आणि बनवणाराही. दोघांनाही पत्र जाईल.

मामा: आणि सांगलीत घेतली म्हणून तारखांना तू सांगलीला येणार? सव्वाशे किलोमीटर?

ती: नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. माझी साताऱ्यात होईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दोष दिसल्यापासून दोन वर्षांची मुदत. त्याच्याही आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं नातं बघता हे मला बरं वाटलं. १९४९ पर्यंत सांगलीचा बराचसा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. मग दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. आमच्यासारख्यांची सोयरीक, दवाखाने, बाजार अजून या हद्दीच्या दोन्ही अंगांना आहेत. माल एका जिल्ह्यात घ्यायचा आणि वापरायचा दुसऱ्या जिल्ह्यात, हे इथे रोजचं आहे. हा कायदा लागू होण्याआधी बहुतेकदा विकणाऱ्याच्या गावी जाऊन दाद मागावी लागे. तेवढ्या एसटीच्या फेऱ्यांच्या भीतीनेच लोक गप्प बसत.

मामा: आयोगानं विचारलं, वाकडी कशावरून? तर तू काय माझी लाइनदोरी दाखवणार?

ती: ती तक्रारीला आधार म्हणून. पण कायद्यात याची सोय आहे. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो, पंचेचाळीस दिवसांत अहवाल मागवतो. दोष सिद्ध झाला तर दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत, असा आदेश देता येतो. तपासणीची फी आधी भरावी लागते, एवढं खरं.

मामा: आणि तोवर सायकल सीलबंद. तू पायी.

हा मुद्दा मामांचा बिनतोड आहे. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, पण आयोगांपुढच्या गर्दीचा अनुभव वेगळा असतो. एका फ्रेमसाठी एवढी वाट बघायची तयारी फार थोड्यांची असते. म्हणून पत्राचा उपयोग आयोगापर्यंत जाण्याआधीच व्हायला हवा, असं मला वाटत होतं. पण ते कसं, हे मला नीट मांडता आलं नसतं. बहिणीने मांडलं.

ती: मामा, तुम्ही म्हणता पत्र त्यांच्याविरुद्ध जाईल. उलटं बघा. ते कंपनीला फोन करून काय सांगणार? एक बाई म्हणतात, सायकल ओढते. कंपनीचा माणूस म्हणणार, चाक बघा, हेड बघा, चालवायची सवय बघा. तुम्ही मला जे विचारलंत तेच तो त्यांना विचारणार. त्यांच्याकडे ना वेळ आहे, ना व्हर्नियर. माझं पत्र गेलं, त्यात चाक उलटं घालून काय दिसलं, दोन फटींची मापं काय, कुठला फोटो कुठल्या बाजूचा, हे सगळं असलं, तर ते पत्र ते पुढे सरकवू शकतात. नुसत्या शब्दावर कंपनी त्यांना फ्रेम देणार नाही, आणि मग ते स्वतःच्या खिशातून देणार का? तुम्ही शब्द मागून त्यांना अडचणीत टाकताय.

मामा गप्प झाले. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो. ते पटल्यावर गप्प होतात, न पटल्यावर बोलत राहतात.

माझ्या मते या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत मोलाचं हे आहे. आपल्याकडे लेखी तक्रार म्हणजे संबंध तोडणं, असा समज घट्ट बसला आहे. गावातला दुकानदार ओळखीचा, त्याच्या घरच्या लग्नाला आपण गेलेलो, मग कागद कसा द्यायचा? पण त्या दुकानदाराच्या वर एक वितरक आहे, त्याच्या वर कंपनी आहे, आणि तिथे ओळख चालत नाही, कागद चालतो. आपण भिडेपोटी कागद दिला नाही तर मधल्या माणसाचे हात रिकामे राहतात. एकतर तो आपल्याला टाळू लागतो, किंवा स्पोक ताणून देतो. दोन्हींत संबंध बिघडतातच, फक्त सावकाश.

मामांनी यात एक गोष्ट घातली, आणि ती घालताना त्यांचा आवाज जरा चढला. किर्लोस्करवाडीचं मूळ सायकलीच्या दुकानातच आहे, हे नव्या लोकांना आठवत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचं दुकान काढलं. ते मुंबईत शिकवायला होते, तिथून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. घेणाऱ्याला चालवायलाही दुकानातूनच शिकवायचे. पुढे नांगर आले, १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि वाडी वसली.

मामा: सायकल विकली की काम संपलं, असं तेव्हा नव्हतं. गिऱ्हाईक पडलं तर दुकानाची लाज जायची. म्हणून म्हणतो, त्या पोराला संधी दे. पत्र दे, पण टपालानं पाठवू नको. हातात दे. चहा घे. समोर बसून मापं समजावून सांग. मी येतो बरोबर.

ती: चालेल. पोच म्हणून सही घेईन.

मामा: सही माझ्यासमोर नको मागू.

ती: तुमच्यासमोरच मागणार, मामा.

सही मिळाली. दुकानदाराला उलट हायसंच वाटलं असं मला दिसलं. त्याने पत्राची छायाप्रत काढली, फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेतले आणि सायकल उलटी करून पायडलच्या दांड्याखाली नळीवर कोरलेला फ्रेम नंबर बिलाशी ताडून बघितला. हा नंबर आणि मूळ बिल नसेल तर पुढची कुठलीच गोष्ट हलत नाही. फ्रेमची वॉरंटी बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात आणि बनवण्यातल्या दोषासाठीच देतात. धडकेतलं नुकसान त्यात धरत नाहीत. म्हणून रंगावर कुठे खरचटलंय का, नळी कुठे चेपलीय का, हे आधी बारकाईने दाखवून ठेवावं. बहिणीने सगळ्या नळ्यांचे फोटो उन्हात काढले होते. एकही ओरखडा नव्हता. फ्रेम कारखान्यात वाकडी जोडली गेली की प्रवासात दबली, हे त्यातून ठरत नाही. खोक्यात मागच्या खाचांमधे प्लास्टिकचा आडवा तुकडा घालतात, तो निसटला तर खाचा दबतात. पण घेणाऱ्याच्या हातात येण्याआधी जे झालं ते घेणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

फ्रेम बदलून आली. मूळची निळी होती, आलेली राखाडी, कारण त्या वर्षीचा निळा रंग संपला होता. रंगावरून बहीण हटून बसली नाही. मामांनी एक हट्ट धरला आणि तो तिने मुकाट्याने मान्य केला. नवी फ्रेम नुसती असतानाच, एकही भाग चढवण्याआधी, दुकानात दोरी लावायची. दोन फटींत मिलिमीटरभराचाही फरक नव्हता. मग सीटचा दांडा त्या नळीत नीट बसतो का, ब्रेक-गिअरच्या केबल पुरतात का, हे बघून मिस्त्रीने एकेक भाग उतरवून चढवायला घेतला. त्यात त्याचा दिवस मोडला. बहिणीने नवा फ्रेम नंबर जुन्या बिलावर लिहून घेतला, खाली दुकानाचा शिक्का आणि तारीख. उद्या सायकल चोरीला गेली तर पोलीस ठाण्यात हाच नंबर द्यावा लागणार. बदललेल्या फ्रेमची वॉरंटी मात्र बहुधा जुन्या तारखेपासूनच मोजतात, हे तिने विचारून घेतलं.

राहिली मिस्त्रीची मजुरी. कंपनीने फ्रेम दिली, चढवण्या-उतरवण्याचे पैसे दिले नाहीत.

ती: मी का देऊ? दोष त्यांचा.

मामा: दिवसभर हात काळे केले ते कंपनीनं नाही, त्या माणसानं. त्याच्या मजुरीवर घासाघीस करायची नाही.

ती: घासाघीस त्यांच्याशी नाहीच, मामा. त्यांना मी देतेच. पण पावती हवी.

तिने मजुरी पूर्ण दिली. मिस्त्रीकडे पावतीपुस्तक नव्हतं, तेव्हा मामांनीच वहीच्या पानावर काम, तारीख आणि रक्कम लिहिली, मिस्त्रीची सही घेतली आणि ते पान तिच्या हातात दिलं. साताऱ्याला परतल्यावर तिने कंपनीला दुसरं पत्र लिहिलं, मजुरी भरून मागितली आणि ते पान त्याला जोडलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.